आयुक्त साहेब, गॅस मीटर चालू होतं म्हणजे ते गॅस पकडतं असं नाही

मा. आयुक्त साहेब, शहर अभियंता, ड्रेनेज विभागाचे सगळे इंजिनिअर आणि महापालिकेचे ठेकेदार यांना,

स. न. वि. वि.

हे पत्र आधी आवक-जावकला दिलंय, पोच माझ्याकडे आहे, पण उत्तर आलं नाही आणि पावसाळा तोंडावर आलाय, चेंबर साफ करायची कामं सगळ्या वॉर्डात सुरू झालीत, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. विषय एकच आहे. ड्रेनेजच्या गँगला जे चार गॅसचं मीटर दिलंय (ऑक्सिजन, जळणारे गॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजणारं), त्याच्या टेस्ट गॅस सिलिंडरची, म्हणजे मीटर तपासायच्या गॅसची, मागणी वॉर्डाकडून गेली होती, ती स्टोअरने परत पाठवली. शेरा असा की 'यंत्र सुरू होताना स्वतःची चाचणी स्वतः करते, सबब सिलिंडर खरेदीची आवश्यकता नाही'. आणि कॅलिब्रेशन, म्हणजे ठराविक गॅस देऊन मीटरचे आकडे बरोबर लावून घेणं, वर्षातून एकदाच, एजन्सीचा माणूस येईल तेव्हा. साहेब, हा शेरा चुकीचा आहे, आणि ही चूक कागदावर राहणारी नाही, हिच्यामुळे चेंबरमध्ये माणूस मरू शकतो आणि तो मरेल तेव्हा त्याच्या छातीवरचं मीटर शून्य दाखवत असेल.

मी कोण ते सांगतो. मी एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे, गॅस डिटेक्टर तपासणं, सेन्सर बदलणं, कॅलिब्रेट करून रजिस्टरला नोंद करणं हे माझं रोजचं काम. आणि माझा धाकटा भाऊ तुमच्या एका ठेकेदाराच्या गँगवर आहे. मशीनची गाडी गल्लीत जात नाही तिथे बांबू, बादली, दोर घेऊन हीच पोरं जातात. आमच्या कंपनीत टाकीत उतरणाऱ्या माणसासाठी मी सकाळी जे करतो ते माझ्या भावासाठी कोणीच करत नाही, आणि दोघं घेतात तो श्वास तर सारखाच आहे.

आता त्या सेल्फ टेस्टचं. मीटर चालू केलं की ते बीप करतं, थरथरतं, लाईट लागते, स्क्रीनवर आकडे पळतात आणि मग ऑक्सिजन २०.९, बाकी तिन्ही शून्य. भाऊ म्हणाला, दादा, हिरवी लाईट आली की मुकादम म्हणतो चला. पण त्या अर्ध्या मिनिटात मीटरने काय तपासलं? बॅटरी, बझर, लाईट, आतलं सर्किट, फार तर सेन्सरची वायर जोडलेली आहे का. गॅस आला तर सेन्सर तो ओळखेल का हे त्याला स्वतःला कळूच शकत नाही, कारण तेव्हा समोर गॅसच नसतो. फिल्टर गाळाने बुजलेला असला, सेन्सर म्हातारा होऊन मेलेला असला, तरी चांगल्या हवेत शून्यच दिसणार आणि शून्य म्हणजे सगळं ठीक असंच वाटणार. हे ओळखायचा एकच मार्ग आहे, ठराविक प्रमाणाचा गॅस सिलिंडरमधून सेन्सरवर सोडायचा आणि आकडा चढतो का, अलार्म वाजतो का ते डोळ्यांनी बघायचं. याला बंप टेस्ट म्हणतात, रोज वापरायच्या आधी करायची असते, आणि त्याच्यासाठीचं सिलिंडर तुम्ही नामंजूर केलंत.

हे मी नुसतं पुस्तकातलं सांगत नाहीये. एका सुट्टीच्या दिवशी एक मुकादम मीटर घेऊन माझ्याकडे आला (नाव लिहीत नाही, त्याच्या नोकरीवर येऊ नये), त्यालाच शंका होती की हे कधी वाजतच नाही. आमच्या साहेबांची परवानगी घेऊन आम्ही ते आमच्या टेस्ट बेंचवर लावलं. मागचं कॅलिब्रेशनचं स्टिकर पुसट झालेलं, त्यावरची तारीख उलटून गेलेली. पुढच्या जाळीवर काळपट तेलकट थर, नखाने खरवडला तर निघाला. चालू केलं, सेल्फ टेस्ट पास, हिरवी लाईट. मग सिलिंडर जोडला, त्यात हायड्रोजन सल्फाइड २५ पीपीएम होता, म्हणजे दहा लाख भागांत २५ भाग. एक मिनिट वाट बघितली, आकडा ६ वर जाऊन थांबला. अलार्म १० ला सेट आहे, म्हणजे वाजला नाही. त्या हिशोबाने खरा गॅस चाळीसच्या वर गेल्याशिवाय हे मीटर तोंडच उघडणार नव्हतं. जळणाऱ्या गॅसचा सेन्सर पण तसाच, ५० टक्के एलईएल दिला (एलईएल म्हणजे गॅस पेट घ्यायला हवेत लागणारं कमीत कमी प्रमाण) तर १९ दाखवले. मुकादम बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि मग म्हणाला की परवाच दोन पोरं याच्यावर भरवसा ठेवून उतरवली होती.

जळणाऱ्या गॅसचा सेन्सर का मेला असेल हे विचारलं तर कळलं की मीटर स्टोअरच्या ज्या कपाटात असतं त्याच कपाटात सिलिकॉनचा स्प्रे ठेवतात, पाइप आणि वॉशरला मारायला. त्या सेन्सरमध्ये बारीक मणी असतो, त्यावर गॅस जळतो आणि त्या उष्णतेवरून आकडा येतो. सिलिकॉनची वाफ त्या मण्यावर बसली की तो कायमचा निकामी होतो, बाहेरून काही दिसत नाही. हे मीटरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पण पुस्तक इंग्रजीत आणि तेही खोक्यातच.

आता माझ्या तक्रारी सांगतो, जशा दिसल्या तशा.

पहिली, झीरो कुठे करतात. मीटर चालू करून 'फ्रेश एअर' चं बटण दाबायचं ते उघड्या मोकळ्या हवेत, चेंबरपासून आणि गाडीच्या धुरापासून लांब. इथे झाकण उघडून त्याच्या तोंडाशी उभं राहून, शेजारी जेटिंग गाडीचं (जोरात पाणी मारून गटार मोकळं करणारी) डिझेल इंजिन चालू ठेवून झीरो करतात. तिथल्या हवेत समजा कार्बन मोनॉक्साइड १५ पीपीएम असला तर मीटर त्या १५ ला शून्य मानतं आणि मग दिवसभर तेवढंच कमी दाखवतं. ऑक्सिजनचं पण तेच, असेल त्याला २०.९ धरून चालतं.

दुसरी, फक्त वरून बघतात. मुकादम झाकणाशी वाकून मीटर धरतो, ठीक आहे म्हणतो आणि माणूस खाली. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो. मिथेन हलका, वर राहतो. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ हवेइतकाच, कुठेही असतो. म्हणून वर, मध्ये, तळाशी, तिन्ही ठिकाणी नळी सोडून बघावं लागतं. आणि नळी सोडली की लगेच आकडा वाचायचा नाही, नळीच्या दर फुटाला दोन-तीन सेकंद गॅस वर यायला लागतात, वीस फुटांची नळी असेल तर मिनिटभर त्यातच गेला, त्यानंतर सेन्सर स्थिर व्हायला आणखी मिनिट-दोन मिनिटं. नळी कुठे चिरलेली असेल तर खालची हवा न येता वरचीच चांगली हवा ओढली जाते आणि २०.९ दिसत राहतं. हे तपासायला एक पैसा लागत नाही, नळीचं टोक बोटाने बंद करायचं, पंप अडकल्याचा अलार्म आला पाहिजे, नाही आला तर नळी गळतेय. ही साधी गोष्ट गँगमधल्या एकालाही कोणी दाखवलेली नाही.

तिसरी आणि मला सगळ्यात जास्त सलणारी. एकदा तपासलं की झालं असं धरून चालतात. चेंबरमधला गॅस हवेत तरंगत तुमची वाट बघत बसलेला नसतो, तो गाळात अडकलेला असतो. माणूस खाली गेला, फावडं मारलं, गाळ हलला, बांबूने तुंबलेलं फोडलं की एका झटक्यात सुटतो. वरून तपासताना खरंच शून्य असलं तरी पाच मिनिटांनी शून्य नसेल. म्हणून मीटर उतरणाऱ्याच्या अंगावर, छातीवर, नाकापासून फूटभर अंतरात, चालू ठेवून असायला लागतं आणि वरच्या माणसाकडे दुसरं. आपल्याकडे एका गँगला एक मीटर, तेही झाकणाशी तपासलं की परत मुकादमाच्या पिशवीत, कारण हरवलं किंवा पाण्यात पडलं तर पैसे पगारातून कापू असं ठेकेदाराने सांगून ठेवलंय. मीटर भिजेल म्हणून वर ठेवायचं आणि पोरगं खाली पाठवायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं ते मला ठेकेदारांनी सांगावं.

चौथी, अलार्म. तो वाजला की म्युट करतात. बाहेर आलं तर कोणी कामचोर म्हणेल, कोणी म्हणेल मशीन खराब आहे, सारखं कोकलतं. १९.५ च्या खाली ऑक्सिजन गेला की अलार्म येतो, लोक म्हणतात एवढ्यातेवढ्याने काय होतं. ऑक्सिजन हवेत पाचातला एक भाग आहे. त्यामुळे आकडा २०.९ वरून १९.९ वर आला म्हणजे हवेत जवळजवळ पाच टक्के दुसरं काहीतरी घुसलंय. पाच टक्के म्हणजे ५०,००० पीपीएम. ते मिथेन असेल तर पाच टक्क्यांना तो पेट घेऊ शकतो, आणि ऑक्सिजनचा अलार्म तर तेव्हा वाजलेलाच नसतो. म्हणून २०.२ दिसलं तरी विचारायला हवं की कमी का. आणि उलटं पण लक्षात ठेवा, ऑक्सिजन फारच कमी झाला की तो मण्याचा सेन्सर गॅस नीट जाळू शकत नाही, एलईएल खोटा कमी दिसतो, म्हणून आकडे वाचताना आधी ऑक्सिजन बघायचा.

आणि हे सगळं नसताना पोरं काय करतात ते पण ऐका. झाकण तासभर उघडं ठेवतात. झुरळं जिवंत दिसली तर गॅस नाही असं मानतात. काही जुने लोक काडी पेटवून आत टाकतात, म्हणजे मिथेन असेल तर स्फोटच. आणि वास घेतात. सडक्या अंड्याचा वास आला तर गॅस आहे, गेला तर गेला. पण हा गॅस शंभर पीपीएमच्या आसपास गेला की नाकच बधिर करतो, वास बंद होतो आणि माणसाला वाटतं हवा मोकळी झाली. पाचशेच्या वर काही मिनिटांत माणूस कोसळतो, हजाराच्या आसपास एक-दोन श्वासात. वरचा त्याला काढायला उडी टाकतो, मग तिसरा. एकाच चेंबरमध्ये दोन-दोन, तीन-तीन जण गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात.

स्टोअरचे साहेब म्हणतील खर्च. मग हिशोब करू. ५८ लिटरचा टेस्ट गॅसचा सिलिंडर मिळतो, मिनिटाला अर्धा लिटर सोडायचा असतो, एक बंप टेस्ट अर्ध्या मिनिटाची धरली तर एका सिलिंडरमधून दोनशेच्या वर टेस्ट होतात. वॉर्डात तीन मीटर असतील तर एक सिलिंडर दोन महिन्यांच्या वर पुरतो. फक्त त्यावरची एक्सपायरी बघून घ्या, हायड्रोजन सल्फाइडचं मिश्रण फार टिकत नाही, मुदत संपलेल्या सिलिंडरने टेस्ट केली तर चांगलं मीटर नापास आणि त्याच सिलिंडरवर कॅलिब्रेट केलं तर नंतरचे आकडे चुकीचे. आणि सेन्सर पण कायमचे नसतात, ऑक्सिजनचा साधारण दोन वर्षं, बाकीचे दोन-तीन वर्षं, मीटर कपाटात पडून राहिलं तरी आतला ऑक्सिजन सेन्सर संपतच असतो. खरेदीच्या टेंडरमध्ये सेन्सर बदलायचे पैसेच धरले नाहीत तर ते मीटर दोन वर्षांनी नुसतं खोकं. वाण्याच्या काट्याला ठराविक मुदतीत वजनमापं खात्याचा शिक्का लागतो, मग माणसाच्या जिवाचं माप घेणाऱ्या यंत्राला तपासणी नको हे कसं पटवून घ्यायचं?

कायद्याचं मी तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी लोकांना माहीत असावं म्हणून लिहितो. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणाऱ्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये धोकादायक पद्धतीने माणूस उतरवणं गुन्हा आहे, पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केलं तर पाच वर्षं, पाच लाख. त्याच वर्षीच्या नियमांत सुरक्षेच्या साधनांची यादी आहे, तीत चार गॅसचं मॉनिटर लिहिलेलंय. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये गटारात मेलेल्यांच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले होते, ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ते तीस लाख केले. त्यामुळे सिलिंडर वाचवून महापालिकेचे पैसे वाचतात असं कोणी म्हणू नये, आणि तीस लाख दिले म्हणजे पोरगं परत येतं असंही कोणी समजू नये.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर माझ्या पत्राचा उलटा अर्थ निघेल. मीटर चांगलं दिलं म्हणजे माणूस उतरवायला मोकळे, असं मी म्हणत नाहीये. पहिली मागणी हीच आहे की माणूस उतरवूच नका. अरुंद गल्ल्यांसाठी लहान जेटिंग आणि सक्शन गाड्या मिळतात, त्या घ्या, ज्या वॉर्डात आजही बांबू-बादली चालते तिथे आधी द्या. पण ज्या दिवशी एखाद्याला उतरवायची वेळ तुम्हीच लेखी परवानगीने आणाल, त्या दिवशी त्याच्या अंगावरचं यंत्र खरं बोलणारं असलं पाहिजे.

बाकीच्या मागण्या अशा:

१. तो शेरा मागे घ्या आणि मान्सून यायच्या आत प्रत्येक वॉर्डात टेस्ट गॅसचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि मीटरला बसणारी कॅप पोचवा.

२. रोज काम सुरू व्हायच्या आधी बंप टेस्ट, रजिस्टरला मीटरचा नंबर, चारही आकडे, वेळ आणि सही. नापास मीटर त्या दिवशी कॅलिब्रेट झाल्याशिवाय बाहेर जाणार नाही, आणि मीटर नाही तर त्या गँगचं उतरायचं काम नाही. रजिस्टर कामगारांना आणि नागरिकांना बघायला मिळालं पाहिजे.

३. कॅलिब्रेशन वर्षातून एकदा नाही. बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात जी मुदत दिलीय ती पाळा, आणि मीटर पडलं, पाण्यात बुडलं किंवा जास्त गॅस लागला तर तारखेची वाट न बघता लगेच. सेन्सर बदलायची तारीख मीटरवर लिहा आणि बजेटमध्ये पैसे धरा.

४. प्रत्येक गँगला दोन मीटर, एक उतरणाऱ्याच्या छातीवर, एक पंप आणि नळीवालं वर. हरवलं-भिजलं म्हणून पगारातून कापायचं ठेकेदाराने लगेच थांबवावं, तशी अट करारात घाला. स्वच्छ ठेवायला ओला फडका पुरतो, सॅनिटायझर आणि स्पिरिटने पुसू नका, अल्कोहोलच्या वाफेने सेन्सर भलतेच आकडे दाखवतात, आणि सिलिकॉनचा स्प्रे त्या कपाटातून आजच काढा.

५. अलार्म वाजला की बाहेर. कोणाला न विचारता. नंतर मुकादमाने किंवा ठेकेदाराने त्या माणसाची हजेरी कापली तर कारवाई ठेकेदारावर झाली पाहिजे, हे लेखी द्या. कोणी खाली पडला तर वरच्याने आत उडी मारायची नाही, हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), तिपाई आणि दोर आधीच लावलेला पाहिजे, तेव्हाच त्याला ओढून काढता येईल.

६. ट्रेनिंग मराठीत आणि हिंदीत, हातात मीटर देऊन, चेंबरशेजारी. हॉलमध्ये स्लाइड दाखवून फोटो काढलेलं ट्रेनिंग धरू नये. कंत्राटी पोरांना पण, त्यांच्या कामाच्या वेळेत, त्या दिवसाची हजेरी भरून.

यातलं एकही काम असं नाही जे महिन्याभरात होणार नाही. मीटर तुम्ही घेतलेलीच आहेत, त्यासाठी लोकांचे पैसे गेलेले आहेत. विभागातल्या काही इंजिनिअरना हे सगळं पटतंय हेही मला माहीत आहे, सिलिंडरची मागणी त्यांच्यातल्याच कोणीतरी केली होती, त्यांचं मी मनापासून कौतुक करतो आणि त्यांनी ती पुन्हा पाठवावी अशी विनंती करतो. शिकवायला माणूस नाही अशी अडचण असेल तर मी आणि आमच्या एमआयडीसीतले माझ्यासारखे आणखी काही टेक्निशियन रविवारी येऊन वॉर्डावॉर्डात मुकादमांना बंप टेस्ट शिकवू, एक रुपया नको, फक्त सिलिंडर आणि मीटर समोर ठेवा.

हे वाचणाऱ्या नागरिकांना एवढंच, तुमच्या गल्लीत झाकण उघडून कोणी माणूस उतरताना दिसला तर थांबून मुकादमाला विचारा, आज मीटरची टेस्ट केली का, दाखवा. सोसायटीच्या सेप्टिक टँकसाठी पण हेच, स्वस्तात होतंय म्हणून खाजगी माणूस उतरवू नका, गाडी बोलवा. १४४२० हा त्यासाठीचा हेल्पलाईन नंबर आहे.

आयुक्त साहेब, मला या पत्राचं लेखी उत्तर हवंय, सिलिंडरची खरेदी मंजूर झाली की नाही आणि झाली तर कुठल्या वॉर्डात कुठल्या तारखेला पोचणार, एवढं तरी त्यात असू द्या.

आपला,
याच शहरातला एक करदाता आणि ड्रेनेज गँगवरच्या एका कामगाराचा मोठा भाऊ